लहानीच्या लांब बाह्या

कात्री माझ्या हातात आली ती लग्नाआधी, अकोल्याला, मायच्या घरी. लग्न होऊन अमरावतीला आले, वलगाव रोडला घर झालं, समोरच्या खोलीत मशीन मांडली आणि ब्लाऊज शिवायला बसले, ती आजपर्यंत बसलेलीच आहे. गिऱ्हाईक बायका म्हणतात, तुह्यं तोंड लय चालते, पण फिटिंग एक नंबर. खोटं कशाला बोलू? तोंड माझं आधीपासूनच चालतं. गेल्या काही वर्षांत त्याला धार लागली, ती मात्र उगाच नाही लागली.

मला जुळ्या मुली झाल्या. नावं लिहीत नाही, घरात तरी नावानं कोण हाक मारत होतं? आधी आली ती मोठी, तिच्या पाठोपाठ आली ती लहानी. सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. नर्सबाईनं दोघींना पुसून माझ्या दोन बाजूंना ठेवलं अन् म्हणाली, "पोट्ट्या दोन, पण वार एकच पडली व बाई, नाळा दोघींच्या तिलेच जुळेल. पोटात एकाच ताटात जेवल्या दोघी." त्या अवस्थेतही मला हसू आलं. म्हटलं चला, पुढे भांडणार नाहीत ताटासाठी.

इतक्या सारख्या की मी स्वतः फसायची. मोठीच्या पायात काळा धागा बांधला होता, तो एकदा आंघोळीत सुटला तर पूर्ण दुपार घरात गोंधळ. मग लहानीच्या कानामागचा तीळ सापडला तेव्हा जीव भांड्यात पडला. फ्रॉक शिवायचे तर एकाच कापडातून दोन काढायची, आणि माप एकीचंच घ्यायची. दुसरीचं घ्यायची गरजच नव्हती. एकीला बिस्कीट दिलं की ती दुसरा हात पुढे करायची, बहिणीचं मागायला. बहीण समोर असो नसो.

बालवाडी संपत आली होती तेव्हा मोठीच्या नडग्यांवर निळे डाग दिसू लागले. मी तिलाच रागावले, "कुठं धडपडून राहिली व? डोळे काय खिशात ठेवले?" मग ताप. मग पाय दुखतात म्हणून रडणं. जवळच्या डॉक्टरनं औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा चढला. एक दिवस दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेचना. रक्त तपासलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथं डॉक्टरबाईंनी आम्हाला खुर्चीत बसवून सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे. पोरींचे बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. इंजिन उघडून बसलेल्या माणसासारखे ते डॉक्टरबाईंना विचारत राहिले, "पण बिघाड कुठं झाला, मॅडम? कुठं झाला?"

घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या. सगळं ऐकून घेतलं, पदर डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, "लहानीची पिशवी भर."

त्यांच्या माहेरची ती रीत. जुळ्यातलं एक आजारी पडलं की दुसऱ्याला त्या छपराखाली ठेवायचं नाही. जुळ्याचं दुखणं जुळ्याले लागते, असं त्या म्हणायच्या. त्यांचे दोन भाऊ जुळे होते. एकाला गोवर निघाला तेव्हा दुसऱ्याला मामाकडे धाडलं, म्हणून तो वाचला, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. गोवराच्या काळात त्या रितीला अर्थही असेल. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा आजार असा लागत नाही, शेजारी झोपल्यानं तर नाहीच. मी ते ऐकलं होतं. तरी पिशवी भरली. एक पोरगी आगीत सापडलीच आहे, दुसरी तरी दूर राहू दे, एवढंच त्या वेळी डोक्यात शिरत होतं.

लहानी काही केल्या जाईना. दाराची चौकट धरून उभी. "मी काय केलं मम्मी? मले काहून धाडून राहिली?"

"काही नाही केलं बाळा. मोठी आजारी हाय नं, म्हणून."

"मंग थे आजारी हाय तं मले काहून?"

बाबांनी तिला उचललं आणि मायकडे सोडायला अकोल्याच्या गाडीत घेऊन बसले. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी तिचं रडणं ऐकू येत होतं.

मोठीचे उपचार सुरू झाले. सलाईन, पाठीत सुया, ओकाऱ्या. केस गेले. औषधांनी गाल सुजले, पोट फुगलं. मी तिच्यासाठी सैल झबली शिवायला बसले आणि सवयीनं दोन काढायला गेले, तर हात थांबला. दोघींचं माप पहिल्यांदा वेगळं झालं होतं. त्या दिवशी मी मशीन बंद करून भिंतीला टेकून रडले, मोठ्यानं रडले. शेजारीण धावत आली तर तिलाच खेकसले की तुमचा ब्लाऊज उद्या मिळेल, जा.

सासूबाईंची रीत एवढ्यावर थांबली नव्हती. फोनवरसुद्धा दोघींनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. बोला, पण तोंड दाखवायचं नाही. मोठी दवाखान्याच्या खाटेवर फोन कानाला लावून विचारायची, "तू काय खाल्लं?" तिकडून लहानी सांगायची, आजीनं भरीत केलं, भाकर केली. मोठीला तर पाणीही पचत नव्हतं. ती म्हणायची, "मीनंबी थेच खाल्लं." मी ऐकून बाहेर निघून जायची.

वर्ष सरलं. रक्तात आजार दिसत नाही म्हणाल्या डॉक्टरबाई, पण गोळ्या चालू ठेवा. मोठीच्या डोक्यावर मऊ केस उगवले. मी म्हटलं आता लहानीला आणू. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या संपू दे. अकोल्याहून माय फोनवर भांडायची, "पोट्टी रोज दारात बसते गाडी पाहत. आईबाप जिते असून लेकराले वनवास काहून? घेऊन जा, नाहीतं मीच आणून टाकीन." मायला मी म्हणायची, थोडं थांब. आता वाटतं, मायनं खरंच आणून टाकायला हवं होतं.

कारण गोळ्या संपण्याआधीच आजार परत आला.

या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या की औषधांनी भागेलसं वाटत नाही, हाडातली मज्जा बदलावी लागेल, जुळणारा माणूस लागेल. हे ऐकताच पोरींचे बाबा खुर्चीतून उठलेच. "जुळणारा? मॅडम, घरातच हाय नं! हिची जुळी बहीण हाय!" डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी तिलाही तपासू द्या. पण ते कोणी ऐकलं? आम्ही दवाखान्यातून निघालो ते वरातीत निघाल्यासारखे. रिक्षातच मायला फोन. सासूबाईंनी रीत एका क्षणात फिरवली. म्हणाल्या, देवानं दुसरी कशाले देल्ली व्हती, थे आता समजलं. जुळ्याचं जुळ्याच्या कामी येते.

लहानी आली. जिला याच दारातून रडत धाडलं होतं, तिच्यावरून सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. लहानी धावत आत गेली आणि खाटेपाशी थबकली. मोठी बसली होती, पुन्हा सुरू झालेल्या औषधांनी सुजलेली, उगवलेले केसही पुन्हा गेलेली. लहानीनं माझ्याकडे पाहिलं. "हे कोण हाय?"

"मीच हावो न पागल," मोठी म्हणाली.

आवाजावरून ओळखलं तिनं. मग हळूच जवळ जाऊन बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानामागं पाहिलं, आणि चढून तिच्या शेजारी बसली. संध्याकाळी पाहिलं तर दोघी एका चादरीत. मोठीच्या उशीखालून मऊ पडलेली बिस्किटं निघाली, दोन-दोनच्या जोड्यांनी. लहानीच्या वाटची होती ती, दवाखान्यात साठवलेली. लहानीनं सगळी खाल्ली.

लहानीचं रक्त घेतलं, मज्जेचा नमुनाही घेतला. गल्लीत ती सांगत फिरायची, "मोठीले मी बरं करून राहिली." नमुने मुंबईला गेले. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांनाच आत बोलावलं, आणि बोलायला सुरुवात करायच्या आधी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तेव्हाच समजले की काहीतरी वाईट आहे.

"ताई, या दोघी पोटात असताना वार एकच होती का?"

"एकच. नर्सबाईनं सांगतलं व्हतं."

डॉक्टरबाई पुण्याकडच्या. सावकाश, समजावून बोलायच्या. म्हणाल्या, शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. मोठीच्या आजारी पेशींमध्ये बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून एकविसाव्याला जोडला गेलाय, आणि एकविसाव्याचा तुकडा बाराव्याला.

"म्हणजे या ब्लाऊजची बाही त्याले लागली, अन् त्याची याले?"

"हो. तसंच म्हणा."

"मंग उसवून पुन्हा लावता नाही येत?"

"नाही येत, ताई." रिपोर्टचं पान उलटून त्या म्हणाल्या, "लहानीच्या रक्तातही थोड्या पेशींमध्ये तीच जोड सापडली आहे."

बाबा म्हणाले, "पण थे तं चांगली हाय. थे तं उड्या मारून राहिली."

"चांगलीच आहे. तिला आजार नाही. पण ही जोड आहे."

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. हे जुळ्यांच्या अभ्यासातूनच कळलं, त्या म्हणाल्या. एक वार असलेल्या जुळ्यांत एकाला हा आजार झाला, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्याचंही रक्त पाहिलं. तर तोच तुकडा, अगदी त्याच जागी तुटलेला, त्याच जागी जोडलेला. हे दोघांत वेगवेगळं घडूच शकत नाही. म्हणजे पोटात असताना एकाच बाळाच्या एका पेशीत ती चूक झाली, आणि ती पेशी वारेतल्या रक्तातून दुसऱ्याकडे गेली. दोन्ही बाळं ती घेऊनच जन्माला आली. मला हे कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. दोन वेगळी कापडं एकाच धाग्यावर, एकाच तिरप्या रेषेत फाटत नाहीत. दोन फ्रॉकांना अगदी तसाच कट दिसला तर तो कापड एक असतानाच लागलेला असतो.

"पण नुसत्या या जोडीनं आजार होत नाही," त्या म्हणाल्या. "ती घेऊन जन्मलेली बहुतेक मुलं कधीच आजारी पडत नाहीत. पुढे आणखी एखादी चूक त्यावर घडावी लागते. मोठीत घडली. लहानीत घडेलच असं नाही. बहिणीला झालाय म्हणून तिला धोका जास्त आहे, एवढंच. वर्षं जातील तसा तो कमी होत जाईल."

"अन् मज्जा?"

"लहानीची नाही घेता येणार. ज्या पेशी काढायच्या आहेत, त्यांचीच भावंडं आपण परत आत सोडू."

मी उठून उभी राहिले. पाण्याचा ग्लास पडला. "मॅडम, एकीचं औषध मागायले आली व्हती मी! तुमी दुसरीचा आजार हातात देऊन राहिल्या! मंग तपासलं तरी कशाले? मले माहीत करायचं नव्हतं!" आणखी काय काय बोलले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाबा खाली बसून ग्लासाचे तुकडे वेचत होते.

"मंग लहानीसाठी औषध काय?" त्यांनी खालूनच विचारलं.

"औषध नाही. लक्ष ठेवायचं."

घरी सासूबाईंना सांगितलं, पोटात असतानाच काहीतरी तुटलं म्हणून. त्या म्हणाल्या, "गिऱ्हन व्हतं तवा तू कात्री धरली व्हती."

धरली होती. लग्नसराई होती, गिऱ्हाइकं दारात होती, आणि मी त्या दिवशी पोटुशी असून ब्लाऊज कापले होते. सासूबाई तेव्हाही ओरडल्या होत्या आणि मी तोंड वाजवून त्यांना गप्प केलं होतं. या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी दुसऱ्या दिवशी एकटी डॉक्टरबाईंकडे गेले आणि विचारलं, ग्रहणात कापल्यानं कापलं जातं का हो आतलं?

"नाही हो ताई. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही."

"मंग कशानं झालं?"

"ते आम्हालाही माहीत नाही."

सासूबाईंकडे निदान उत्तर तरी होतं. इतकं शिकलेल्या बाईकडे तेही नव्हतं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि मला वाटलं, ग्रहणानंच झालं असतं तर बरं झालं असतं, कोणाला तरी शिव्या तर देता आल्या असत्या.

घरी पोचले तर सासूबाई लहानीची पिशवी भरत होत्या. पुन्हा. लहानी भिंतीला पाठ लावून उभी होती. मी ती पिशवी हिसकावली आणि उलटी केली. "कुठं धाडता? अकोल्याले? माह्या पोटात जे झालं थे अकोल्याले जाऊन धुतल्या जाते काय? जे लागायचं थे जन्माच्या आधीच लागलं! वर्षाच्या वर पोट्टीले बाहीर ठेवलं आपण, फोनात तोंड नाही पाहू देल्लं, कशासाठी? कशासाठी, आई?" सासूबाई खाली बसल्या आणि पडलेले कपडे पुन्हा घडी करू लागल्या. ती बाईही तिच्या परीनं पोरीला वाचवायलाच निघाली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माया यावी एवढी जागा माझ्यात उरली नव्हती.

बाबांची मज्जा अर्धी जुळली. ती देण्याची तयारी चालू होती तेवढ्यात मोठीला ताप चढला, आणि तो उतरला नाही. शेवटी शेवटी ती बोलत नव्हती, फक्त लहानीचा हात धरून पडायची. मोठी गेली. यापुढे याबद्दल मला लिहिता येत नाही.

लहानी आता चौथीत आहे. दर काही महिन्यांनी तिचं रक्त तपासतो. मधल्या दिवसांत मी तिला डोळ्यांनी तपासते. इकडे ये, पाय दाखव. तोंड उघड. हे काय लागलं? कुठं लागलं? कधी? डाग दिसला की अंगठ्यानं दाबून पाहते. पोरीला खेळायला जाऊ देते आणि परत येईपर्यंत एक शिवण सरळ पडत नाही. झोपली तर वाटतं, इतकी का झोपली? जेवली नाही तर वाटतं, झालं. डॉक्टरबाई म्हणतात, वर्षं जातील तसा धोका कमी होईल. जातील! मला एकेक दुपार जात नाही.

या उन्हाळ्यात ती म्हणाली, "मम्मी, मले लांब बाह्यांचे ड्रेस शिव. पुऱ्या मनगटापर्यंत. अन् खाली पायजमा."

अमरावतीचा एप्रिल! घरात चपलेशिवाय फरशीवर पाय ठेववत नाही. मी म्हटलं, "येडी झाली काय व? उकडून मरशीन." पण तिनं हट्टच धरला. वर्गातल्या पोरी घालतात म्हणाली. मला बरंही वाटलं, पोरगी आता मोठी होतेय, आवडनिवड सांगतेय. दोन शिवून दिले. कडी लावून एकटीच आंघोळ करायला लागली, तर त्याचंही मला कौतुक.

एक दिवस दुपारी ती कूलरसमोर झोपली होती. बाही वर सरकली होती. दंडावर डाग, निळा, कडेनं हिरवा. मी पायजमा वर केला. नडगीवर दुसरा.

मी तिला कशी उठवली, रिक्षा कोणी आणली, मला सांगता येणार नाही. बाबा वर्कशॉपातून काळ्या हातांनी तसेच धावत आले. लॅबमध्ये लहानीनं सवयीनं हात पुढे केला. "खो-खोत खांबावर आदळली मी," एवढंच म्हणत होती. मी ऐकत नव्हते. बाकावर बसून मी देवाला नवस बोलले नाही, शिव्या दिल्या.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला आणि हसल्या. सगळं ठीक आहे, खो-खोच आहे. या वेळी.

घरी येऊन मी तिला जेवू घातलं. मग विचारलं, रागावून नाही, खरंच जीव तोडून विचारलं, "लपवलं काहून माय? मी मारलं असतं काय तुले?"

ती ताटात बोट फिरवत राहिली. "तू मले अकोल्याले धाडलं असतं."

"नाही व..."

"घरात आजार आला की मलेच धाडते. मागच्या वेळी परत आली तं मोठी ओळखू नाही आली मले." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आता परत आली अन् तू ओळखू नाही आली तं?"

मी तिला जवळ ओढलं. सासूबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्या परत आत गेल्या.

मग मी दोन्ही ड्रेस घेतले आणि मशीनपाशी बसून बाह्या उसवायला लागले. लहानी शेजारी येऊन बसली. तिनं आपण होऊन दंड माझ्यापुढे केला, पाहा म्हणून. मी पाहिला. अंगठ्यानं दाबला नाही. पहिल्यांदाच नाही दाबला.

चारही बाह्या निघाल्या तशा तिनं उचलल्या, मांडीवर ठेवून सरळ केल्या आणि माझ्याकडे दिल्या.

"फेकू नको मम्मी. थंडीत लागतीन."

"हो," मी म्हटलं, आणि कपाटात ठेवल्या.